घाबरलेल्या माणसाचे मनगट

एकदा एक म्हातारा होता. डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांच्या कडेला त्याचे घर होते आणि आसपासच्या चौदा गावांत कुणाच्या घरात, गोठ्यात किंवा विहिरीत साप निघाला की माणूस धावत त्याच्याकडेच येई. त्याचे नाव रावजी. पण त्याला नावाने हाक मारील अशा वयाचे कुणी उरलेच नव्हते, म्हणून लहानथोर सगळे त्याला बाबा म्हणत. साप धरायचा, पिशवीत घालायचा आणि ओढ्यापलीकडच्या रानात सोडून यायचा, एवढेच त्याचे काम. मंत्र नाही, अंगारा नाही, पुंगी नाही. नागाला पाजण्यासाठी कुणी श्रद्धेने दुधाची वाटी आणलीच, तर बाबा ती दोन्ही हातांनी घेत आणि स्वतः पिऊन टाकत.

मात्र त्यांची एक रीत होती आणि तिचा अर्थ भल्याभल्यांना लागत नव्हता. साप निघालेल्या घरी पोचल्यावर 'साप कुठे आहे' असे ते कधीच आधी विचारत नसत. अंगणात उभे राहून ते विचारत, "सगळ्यात जास्त कोण घाबरलंय?"

लोक एकमेकांकडे पाहू लागत. भीती वाटणे सोपे असते, चारचौघांत ती कबूल करणे महाकठीण. पुरुषमंडळींना तर फारच. अखेर एखादी म्हातारी किंवा नवी सून पदर सावरत पुढे होई. बाबा डाव्या हाताने तिचे मनगट धरत, डोळे मिटत आणि नाडीचे पन्नास ठोके होईपर्यंत तसेच उभे राहत. ओठ हलत नसत, काही पुटपुटत नसत. मग डोळे उघडून काठी घेत आणि आत जात.

एकदा एका बड्या बागाईतदाराच्या न्हाणीघरात, जळणाच्या ढिगात घोणस निघाली. बाबांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. बागाईतदाराने मिशीवर हात फिरवून सांगितले, "आमच्या घराण्यात कुणी घाबरत न्हाई." बाबा म्हणाले, "बरं." पायरीवर बसले आणि चहा मागवला. तो संपला, दुसरा आला. आत घोणस कुकरच्या शिटीसारखी फुसफुसत होती आणि तो आवाज पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता. दुसरा कप अर्धा झाला तेव्हा घामाने निथळलेल्या बागाईतदाराने मनगट पुढे केले. "धरा बाबा. लवकर धरा."

या रीतीचा अर्थ गावाने आपल्या परीने लावून टाकला होता. बाबा माणसाच्या अंगातली भीती ओढून घेतात, असे सगळे म्हणत. त्याला पुरावाही होता. ज्याचे मनगट बाबांनी धरले, त्याची थरथर थांबे आणि तो गपचिप ओट्यावर जाऊन बसे. मग एवढी सगळी ओढलेली भीती बाबा ठेवतात कुठे, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. आपल्याला सोयीचा अर्थ सापडला की पुढचे प्रश्न पडत नाहीत, हा तुमचा-माझाही अनुभव असेल.

बाबांचा एक शिष्य होता, शिदू. वय सव्वीस, अंगकाठी सडसडीत, नजर तीक्ष्ण. चार वर्षांपूर्वी त्याच्या चुलतीला झोपेत मण्यार चावली होती. जमिनीवर अंथरूण टाकून ती निजली होती. पोटात दुखते आहे, पापण्या जड झाल्या आहेत, एवढेच तिला कळत होते. घरच्यांनी तिला भगताकडे नेले. भगताने लिंबू कापले, पाणी मारले आणि या सगळ्यात तीन तास गेले. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता. तिचे तेरावे झाल्यावर शिदू बाबांच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला शिकवा."

बाबांनी पहिले आठ दिवस त्याला काहीच शिकवले नाही. ओढ्यापलीकडे एका बांबूच्या बेटाशी एक नाग रोज उन्हाला येई. त्याच्यापासून वीस पावलांवर बाबा शिदूला घेऊन बसत. "बघ," म्हणत. "नुसतं बघ." आणि शिदू बघे. पाय नाहीत, हात नाहीत, पापण्या नाहीत, बाहेरून दिसणारे कान नाहीत. एवढे सगळे नाकारून निसर्गाने त्या जिवाला काय दिले, तर मुगाच्या डाळीएवढा एक थेंब. त्या थेंबापुढे हत्तीच्या बळाचा माणूस श्वास घ्यायचे विसरतो. आणि तो थेंब बाळगणारा नाग कसा, तर पान पडल्याचा धक्का जमिनीतून लागला तरी सरसरत बेटात शिरणारा. ज्याच्यापाशी एवढे सामर्थ्य आहे तो इतका जपून वागतो, हे पाहताना शिदूच्या अंगावर काटा उभा राहिला. मला वाटते, कोणत्याही विद्येचा पहिला धडा असाच, वीस पावलांवर बसून घ्यायला हवा.

पुढचे धडे साधे होते, पण पाढ्यांसारखे घोकून घेतले जात. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. शेणी-गोवऱ्यांच्या ढिगाला आधी काठी लावायची, मग हात. पावसाळ्यात जमिनीवर निजायचे नाही. बाजेवर निजायचे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची. सांडलेला दाणा झाडून घ्यायचा, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे तो. अंधारात पाय बाहेर टाकण्याआधी बॅटरी. एवढे सगळे करून झाल्यावर बाबा विचारत, "आणि तरी चावला तर?"

शिदू म्हणे, "माणसाला निजवायचं, धीर द्यायचा. चावलेला हात-पाय हलू द्यायचा न्हाई, हाड मोडल्यावर फळी बांधतो तशी हलकी फळी लावायची. जोडवी, बांगड्या, अंगठ्या काढायच्या. चिरायचं न्हाई, चोखायचं न्हाई, दोरी आवळायची न्हाई. चालत न्यायचं न्हाई. साप मारायला धावत बसायचं न्हाई. थेट तालुक्याचा दवाखाना."

"आणि भगत?"

"भगताला गाडीत आपल्या शेजारी बसवून न्यायचं. म्हंजे तो वाट अडवत न्हाई."

बाबा हसत. हे उत्तर त्यांनीच शिकवले होते.

आता शिदूच्या चुकीकडे येतो. ही चूक कुणी आळशी शिष्य करू शकला नसता. त्याला शिदूसारखा मनापासून शिकणाराच हवा.

रानातल्या विहिरीत किंवा बांधावर साप धरायचा असला की तिथे घरची मंडळी नसत. अशा वेळी बाबा शिदूचेच मनगट धरत. पहिल्याच खेपेला विहिरीच्या दगडी कठड्यात नाग होता आणि शिदूची नाडी अशी धावत होती की त्याच्या कानात ठोके वाजत होते. बाबा डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "चांगली हाय," ते म्हणाले.

शिदूला ते टोमण्यासारखे लागले. त्याने ठरवून टाकले की ही परीक्षा आहे. बाबा घरच्यांची भीती ओढून घेतात हे त्याला ठाऊकच होते. मग शिष्याची नाडी बघतात ती कशासाठी? त्याच्यात भीती उरली आहे का, हे पाहायलाच. म्हणजे ज्या दिवशी नाडी शांत लागेल, त्या दिवशी काठी आणि पिशवी कायमची आपल्या हाती येईल. त्याचा हिशोब त्याच्यापुरता बिनचूक होता.

मग त्याने नाडीवर मेहनत सुरू केली. थंडीत नदीच्या पाण्यात कमरेइतके बसून तो श्वास मोजी. पिशवीतला नाग रानात सोडायच्या आधी तो पिशवी मांडीशी ठेवून बसे आणि मानेवर दोन बोटे टेकवून स्वतःचे ठोके तपाशी. पहिल्या वर्षी ठोके उधळत. दुसऱ्या वर्षी चालू लागले आणि बाबा त्याला सोबत आत नेऊन साप धरू देऊ लागले. चौथ्या वर्षी नाग समोर फणा काढून उभा राहिला तरी शिदूची नाडी जेवण करून आडव्या झालेल्या माणसासारखी संथ चालत असे. चौदा गावांत त्याची तारीफ होऊ लागली. शिदू म्हणजे काळीज दगडाचे, लोक म्हणत, आणि शिदूला ते आवडे.

असेच एकदा बांधावर घोणस पडली होती. बाबांनी शिदूचे मनगट धरले. डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग पाण्यासाठी उचललेले भांडे रिकामे निघावे आणि खाली ठेवावे, तसा त्यांनी तो हात सोडला. शिदू शाबासकीची वाट पाहत होता. बाबा उलट फिरले, पलीकडच्या शेतात गवत कापणाऱ्या एका बाईला हाक मारली, तिला घोणस दुरून दाखवली आणि तिचे मनगट धरून उभे राहिले. तोवर घोणस आपल्या वाटेने निघून गेली होती.

"आजपासनं तू भाईर थांबायचं," बाबा म्हणाले. "आत मी जाईन."

"का पण, बाबा? माझं काय चुकलं?"

बाबांनी काठी उचलली आणि ते घराकडे वळले. तीन महिने शिदू अंगणात उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, ज्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डावाही मंदावत चालला होता, तो आत वाकून साप शोधायचा आणि दगडाच्या काळजाचा जवान पिशवी धरून बाहेर उभा. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की म्हाताऱ्याला शिष्याचा हेवा वाटतो. शिदूने ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा भांडला, दुसऱ्यांदा गप्प बसला आणि तिसऱ्यांदा त्याला ते पटल्यासारखे झाले. चार वर्षांची मेहनत मातीत गेली, असे वाटून तो आतून पार खचला.

मग पौषातल्या एका दुपारी वरच्या वाडीतून ज्योतीराम नावाचा एक तरुण शेतकरी मोटारसायकलवरून आला. उतरताना गाडी तशीच आडवी पडली, ती उचलायचेही त्याला भान नव्हते. त्याची बायको वैजयंता बाळंतीण होऊन अकरा दिवस झाले होते. बाळंतिणीच्या खोलीत नाग शिरला होता. वैजयंता बाजेवर होती आणि बाजेच्या पलीकडे, आढ्याला टांगलेल्या झोळीत अकरा दिवसांचे मूल निजले होते. बाजेखाली शेकासाठी निखाऱ्यांची शेगडी होती. थंडीचा नाग त्या उबेला आला असावा. बाजेवरून पाय खाली टाकायची सोय नव्हती आणि झोळीपर्यंत वैजयंताचा हात पुरत नव्हता.

बाबा आणि शिदू वाडीवर पोचले तेव्हा अंगणात पंधरावीस माणसे होती. खोलीचे दार उघडे होते. शिदूने बाहेरूनच आत पाहिले. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक कवडसा उतरला होता, बाकी खोली अंधारी. बाजेवर वैजयंता भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिची नजर झोळीवरून हलत नव्हती. शेगडीच्या अलीकडे, बाजेच्या पायाशी नागाच्या अंगाचे वळण दिसत होते.

बाबांनीही डोळे बारीक करून पाहिले. मग ते शिदूकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला काय बी दिसंना. नुसता कवडसा दिसतोय."

ते ऐकताच शिदूने काठी घेतली. आता आत जाणारा तोच होता. दुसरे कुणी नव्हते. त्याने पाऊल उचलले आणि बाबांनी त्याचे मनगट पकडले.

नाडी संथ होती.

"असा जाऊ नगंस," बाबा म्हणाले.

शिदूचा तोल सुटला. "बाबा, आत लेकरू हाय! आणि तुम्ही माझी नाडी काय बघताय? न्हाई भीती वाटत मला. चार वर्षं झिजलो त्यासाठी. सोडा हात!"

"आरं, म्हणूनच," बाबा म्हणाले. त्यांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी ज्योतीरामला जवळ ओढले, त्याचे मनगट शिदूच्या हातात दिले आणि म्हणाले, "धर. डोळे मीट. पन्नास मोज. नाग कुठं जात न्हाई तेवढ्यात, उबेला बसलाय. मोज."

गुरूचा आवाज असा होता की शिदूने मुकाट्याने डोळे मिटले.

ज्योतीरामच्या मनगटात जे चालले होते, त्याला नाडी म्हणवत नव्हते. कोंडलेले वासरू दाराला धडका देते तशी ती आतून धडका देत होती. मध्येच एक ठोका चुके आणि पुढचे दोन एकमेकांवर आदळत. शिदू मोजू लागला. दहा. त्याला वाटले, हा माणूस किती भितो. वीस. मग त्याला झोळी आठवली. तीसला त्याच्या लक्षात आले की या माणसाला जे दिसते आहे ते आपल्याला दिसलेच नव्हते. आपल्याला एक नाग दिसला होता, असे दोनशे धरले त्यांतला आणखी एक. याला दिसत होते की आत आपले सगळे आयुष्य आहे आणि मुगाच्या डाळीएवढा एक थेंब त्याच्याजवळ बसला आहे. चाळीस. शिदूच्या स्वतःच्या छातीत काहीतरी हलले. बऱ्याच दिवसांनी ते हलत होते आणि त्याला ओळखू यायला क्षणभर लागला. धावत्या नाडीचे पन्नास ठोके व्हायला वेळ लागत नाही. पन्नास झाले तेव्हा त्याचे तळवे ओले होते आणि कानांत ठोके वाजत होते.

तो उंबऱ्याशी गेला. एरवी तो थांबलाच नसता. दोन झपाट्यांत बाजेपर्यंत जायचे, शेपटी धरायची, काठीने पुढचे अंग उचलायचे. हे त्याने दोनशे वेळा केले होते. पण आता त्याचा पाय उचलेना. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि त्याने बॅटरीचा झोत टाकला. पहिल्यांदा त्याने बाजेपाशी दिसणारे वळण नीट पाहिले. ते बारीक होते. पुढे निमुळते होत गेले होते. ती नागाची शेपटी होती.

मग त्याने डोके शोधले. भिंतीच्या कडेने ते काळपट अंग सरळ दाराच्या दिशेने आले होते, धान्याच्या कणगीमागे गेले होते आणि कणगीच्या अलीकडच्या बाजूने, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, नाग आपले डोके जमिनीला टेकवून पडला होता. जिथे शिदूचे पहिले पाऊल पडले असते, बरोबर तिथे.

शिदू दगडासारखा उभा राहिला. प्रकाशाने की उंबऱ्याच्या हादऱ्याने, नाग उठला. घाईने नाही. एकेक बोट वर येत, अंग मागे घेत तो उभा राहिला आणि त्याने फणा उघडला. कौलातल्या काचेतला कवडसा नेमका त्याच्यावर पडला आणि फण्याच्या पातळ कातडीतून उन्हाचा सोनेरी रंग झिरपला. शिदूने या चार वर्षांत किती फणे पाहिले असतील, पण हा तो आज प्रथम पाहत होता. इतके देखणे काही त्याने आयुष्यात पाहिले नव्हते आणि इतक्या जवळून मृत्यूही पाहिला नव्हता. दोन्ही एकाच वस्तूत होते आणि त्यांतले एक दुसऱ्यापासून सोडवता येत नव्हते. त्याचे डोळे भरून आले. हात आपोआप जोडले जाणार होते, एवढ्यात त्याला आठवले की हलायचे नाही.

माणूस हलला नाही की नागही वाट पाहतो. किती वेळ गेला ते अंगणातल्या कुणाला सांगता आले नाही. वैजयंताने तोंडात पदर कोंबला होता. झोळीतले मूल एकदा कुरकुरले आणि पुन्हा निजले. शेवटी फणा हळूहळू मिटला, नाग खाली उतरला आणि कणगीच्या कडेने मागे वळू लागला. तेव्हा शिदूने एक पाऊल आत टाकले, लांबूनच काठीच्या आकड्यावर त्याचे मधले अंग तोलले, बाहेर ओढले, पिशवीचे तोंड समोर धरले. अंधार दिसला तसा नाग आपणहून आत गेला. शिदूने तोंडाला गाठ मारली आणि पिशवी हातात धरून तो उंबऱ्यावरच बसला. ज्योतीराम त्याला ओलांडून आत धावला.

संध्याकाळी दोघे ओढ्यापलीकडे गेले. शिदूने पिशवीची गाठ सोडली, दोघे मागे सरकून उभे राहिले. नाग बाहेर आला आणि गवतातून सावकाश जाऊ लागला.

"बाबा," शिदू म्हणाला, "मी पाय टाकला असता. तिथंच टाकला असता."

"व्हय."

"तुम्हाला दिसत नव्हतं. मग तुम्ही मला थांबवलं कसं?"

बाबा एका दगडावर बसले. त्यांनी उजवा हात पुढे केला. त्याची करंगळी नव्हती आणि शेजारचे बोट वाकडे सुकले होते. हे शिदूने रोज पाहिले होते. म्हाताऱ्याला कसे विचारायचे, म्हणून विचारले कधीच नव्हते.

"पंचवीस वर्षं झाली," बाबा म्हणाले. "तवा मी तुझ्यासारखाच होतो. नाडी कशी, एकदम गार. बाजारात दोडका उचलावा तशी मी घोणस उचलली. एकोणीस दिवस दवाखान्यात होतो. लघवीतनं रक्त जायचं. बोट गेलं, जीव राहिला. घरी आल्यावर वाटलं, आता तरी भीती परत यील. पर ती आलीच न्हाई, शिदू. भीती एकदा पुरती मारली की ती जित्ती होत न्हाई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सापासमोर उभा राहायचो आणि आत काय बी हलायचं न्हाई. आणि आत हललं न्हाई की डोळ्याला दिसत न्हाई. शेपटी दिसती, डोकं दिसत न्हाई.

"साप धरणं सोडलं असतं, पर चौदा गावांत दुसरं कोण होतं? मग मी एक युक्ती काढली. ज्याच्या घरात साप हाय, त्याची भीती जित्ती असती. तीच थोडा वेळ उसनी घ्यायची. मनगट धरायचं आणि त्या माणसाचं काळीज काय म्हंतंय ते ऐकायचं. ऐकता ऐकता माझ्या आत थोडं हलायचं. तेवढ्यावर मी आत जायचो. लोक म्हंतात, बाबा भीती काढून घेतो. आरं, मी कशाचा काढून घेतोय? मी भीक मागतोय त्यांच्याकडं."

शिदूने विचारले, "मग त्यांची थरथर कशी काय थांबती?"

"घाबरलेल्या माणसाला सगळे म्हंतात, घाबरू नगंस. गप उभं राहून त्याचं ऐकून कोण घेतंय? कुणीतरी ऐकलं, एवढ्यानंच बरं वाटतं त्येला."

नाग आता पंधरावीस पावलांवर गेला होता. त्याच्यावरची नजर न काढता बाबा पुढे बोलू लागले.

"तुला मी जवळ केलं ते त्यासाठीच. तुझी नाडी अशी धावायची... मला वाटलं, हे पोरगं संगं असलं की मी वाचलो. तुला शिकवायच्या नावाखाली चार वर्षं तुझी भीती वापरली मी. आणि तू ती माझ्यासाठीच मारत बसलास, हे माझ्या ध्यानात आलं तवा उशीर झाला होता. तुला सांगायचं होतं. पर सांगायचं म्हंजे हे बी सांगावं लागलं असतं की रावजी आतनं मेलाय. लाज वाटली रे. तीन महिने तुला भाईर उभा केला, पर तोंड उघडलं न्हाई. माझं चुकलं."

शिदूने एवढ्या वर्षांत बाबांना कधी चुकलो म्हणताना ऐकले नव्हते. तो दगडाजवळ खाली बसला आणि त्याने बाबांचे मनगट आपल्या हातात घेतले. आजवर हे कुणी केले नव्हते. समोर गवतात नाग वळला होता. काही कारणाने तो पुन्हा त्यांच्याच दिशेने चार हात आला, थांबला आणि त्याने मान वर केली. शिदूच्या छातीत धस्स झाले. त्याच क्षणी त्याच्या बोटांखाली म्हाताऱ्याची नाडी चालली होती. एक ठोका, मग दुसरा. जराही न वाढता. त्याला नागाची भीती वाटली होती, पण त्याहून कितीतरी अधिक त्या संथ ठोक्यांची वाटली. पंचवीस वर्षे हा माणूस या अवस्थेत एकेका अंधाऱ्या खोलीत शिरत आला होता आणि आपण त्याला आपला शत्रू समजलो.

नाग मान खाली करून बांबूच्या बेटात शिरला. दिसेनासा झाला तरी शिदूने मनगट सोडले नाही.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज शिष्याचा नव्हता. "उद्यापासनं तुम्ही सापाकडं जायाचं न्हाई. कुणाचं मनगट धरून बी न्हाई. मी जाईन. आणि मला आत धडधडलं न्हाई, तर मी बी जाणार न्हाई. दार लावून घिऊन लोकांना दूर उभं करीन आणि दुसऱ्या गावातनं माणूस बोलवीन. पर तुम्ही न्हाई."

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांचा शीण एकदम उतरल्यासारखा दिसला.

"हे मला कुणीतरी म्हणावं," ते म्हणाले, "म्हणून तर शिष्य केला होता."

अंधार पडायला आला होता. शिदूने बॅटरी लावली आणि तो पुढे झाला. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तो काठीने गवत आपटत होता, आणि त्याच्या मागून, त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत, म्हातारा घराकडे निघाला.